हार्टविग सरांचा तास

“मग जूनपासून गणित कोण शिकवणार, सर? मी की दुसरं कुणी?”

त्र्यंबक वैशंपायनाने आडवळण न घेता विचारलं. प्राध्यापक हार्टविग निवृत्त होत होते, आणि प्राचार्य त्यांच्या शब्दावरच माणूस नेमणार होते.

हार्टविग नाझींच्या काळात जर्मनी सोडून पुण्यात आलेले. त्यांच्यामागे पोरांचा गोतावळा कायमचा. सर बिनदुधाचा चहा पीत, म्हणून पोरंही तोंडं वाकडी करत तोच पीत. आमच्याकडे जर्मनीत व्याख्यान आवडलं की टाळ्या न वाजवता मुठीने बाक ठोकतात, असं सर एकदा बोलून गेले. झालं. तेव्हापासून तास संपला की वर्ग दणाणे, आणि सगळ्यात जोरात त्र्यंबक ठोके. हुशारीतही त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

“माझा आजचा तास कसा झाला?” सरांनी विचारलं.

“उत्तम, सर. ऐकलंत ना, बाक कसे वाजले?”

सरांनी खडू घेतला आणि फळ्यावरच्या एका ओळीखाली रेघ ओढली.

त्या ओळीत शून्याने भाग दिला होता. शाळेतलं पोरही करणार नाही अशी चूक. तिच्याखालचं सगळंच गणित फुकट.

त्र्यंबकाचे कान तापले.

“मला तेव्हाच दिसलं होतं, सर.”

“मग?”

“वाटलं, तुम्ही लिहिलंय म्हणजे त्यात काहीतरी असेल...”

“आणि बाक?”

“सगळेच वाजवत होते.”

सर हातावरची खडूची पूड झटकत राहिले.

“माझ्या विद्यापीठातली मुलंही छान बाक वाजवायची,” शेवटी ते म्हणाले. “मला काढून टाकल्याचा हुकूम वर्गात वाचला... तेव्हाही वाजवले.”

त्र्यंबकाला फार लाज वाटली. इतकी वर्षं आपण सरांचे म्हणून मिरवलो, आणि त्यांना हे असं ऐकवत राहिलो.

दाराशी बाकीची पोरं सरांसाठी ताटकळली होती. त्यांच्यादेखत तो फळ्यापाशी गेला आणि त्याने त्या ओळीपासून खालचं सगळं पुसून टाकलं. दाराशी कुणीतरी ‘अरे’ म्हणालं.

“हे चुकीचं होतं, सर,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “मी पुन्हा मांडतो.”

हार्टविगांनी खडू त्याच्या हातात दिला आणि ते पहिल्या बाकावर जाऊन बसले.

“मांड,” ते म्हणाले. “आणि जूनपासून मला सर म्हणायचं नाही.”