दिनकरशेठांची सतरंजी

दिनकरशेठांच्या खेळण्यांच्या दुकानात भाव केलेला चालायचा, शंका काढलेली मात्र त्यांना खपत नसे. ललिता तिथे चुंबकाच्या ठोकळ्यांचा सेट हातात घेऊन केव्हाची उभी होती. खेळणं थोरल्या लेकीसाठी हवं होतं, पण ललिताचा जीव धाकट्या चिनूत अडकला होता. चिनू सापडेल ते तोंडात घालायचा. दोन चुंबकं पोटात गेली, तर आतडी मध्ये धरून एकमेकांना चिकटतात, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

"शेठ, ठोकळा फुटून चुंबक बाहेर आलं तर?"

"अहो बाई!" शेठ गरजले. "त्या कोपऱ्यातल्या सतरंजीवर गावभरची पोरं दिवाळीपासून याच सेटची आदळआपट करतायत. एक चुंबक सुटलं असेल, तर दुकान बंद करीन!"

ललिताने पर्समधून घरच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि सतरंजीवरून फिरवला. वर उचलला, तर मोठ्या लोखंडी किल्लीला डाळीएवढी दोन चुंबकं चिकटलेली.

शेठांनी घाम पुसला. "बरं, मग कुठला सेट बांधू?"

"दुकान बंद नका करू, शेठ," ललिता म्हणाली. "पोरं ज्या सेटशी खेळून गेल्यावर सतरंजीवरून ही किल्ली रिकामी येईल, तो बांधा."