आंबीबायनं उपटलेला बोल्ट

फार फार वर्षांपूर्वी शेवळीबंदरात आंबीबाय, तिचा नवरा राघो आणि धाकटा दीर पदू राहत होते. राघो बुधाजी तांडेलाच्या होडीवर मासेमारीला जायचा.

त्या होडीवर डोलकाठीशी एक लोखंडी बोल्ट होता. खाऱ्या पाण्यानं तो गंजला, वरून तुटला आणि दातेरी टोक फळीत राहिलं. पहिल्यांदा एका गड्याची टाच त्यावर फाटली, त्याच दिवशी जाळं पापलेटांनी भरलं. झालं. तांडेल म्हणाला, बोल्टाला रगत मिळालं म्हणून दर्या पावला. तो काढायचा सोडून त्याला हळदकुंकू लावलं. आता काय म्हणावं या माणसांना? मासळी जाळ्यानं येते की टाचेनं?

मग टाचा फाटतच राहिल्या. शेवटी राघोची फाटली, त्याला धनुर्वात झाला आणि तो गेला. बारावं होतंय तोच तांडेल दारात. राघोच्या जागी पदूला पाठव म्हणे. न पाठवावं तर चूल बंद, पाठवावं तर त्याचाही पाय तिथंच.

होडी डागडुजीला रेतीवर ओढलेली होती. मुशी माशाच्या तेलाचं मडकं घेऊन आंबीबाय सरळ वर चढली. तेव्हा बाईनं होडीला पाय लावायचा नसे. सगळी वाडी गोळा झाली. राघो तडफडत होता तेव्हा कुठं होते हे सगळे? तांडेल म्हणाला, होडी बाटवलीस.

"बाईच्या पायानं होडी बाटते," ती म्हणाली, "न् माझ्या घरधन्याच्या रगतानं नाय बाटली, तांडेलदादा?"

तांडेल होडीपासून मागं सरला. पदू चढून वहिनीशेजारी बसला.

ती तेल ओतत राहिली, गंज तेल पीत राहिला. दिवस बुडाला, उगवला, ती उतरली नाही. गंज सुटला तेव्हा तिनं सांडशीनं टोक धरलं आणि पिळत पिळत ओढलं. असं म्हणतात, बोल्ट हातभर आला, पुरुषभर आला, डोलकाठीएवढा आला. ज्याचं ज्याचं रक्त तो प्यायला होता ते सगळं भोकातून वर आलं, आणि गडी आपापल्या टाचा धरून रडले. असं म्हणतात, पाणी रेतीवर चढत आलं आणि होडी कुणी न ढकलता तरंगली.

भोकात तिनं सागाची खुंटी ठोकली. पुढच्या फेरीला कुणाची टाच फाटली नाही, तरी जाळं ओढवेना एवढं भरलं. एवढं सोपं होतं. पण त्याला राघो जावा लागला.

आजही शेवळीबंदरात नारळी पुनवेला, दर्याला नारळ द्यायच्या आधी, घरची बाई अनवाणी होडीवर चढते. फळ्यांवरून तळहात फिरवते. लोखंड टोचेल तिथं तेल सोडते, आणि ते लोखंड निघाल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. त्याला आंबीबायचं तेल म्हणतात.

पदूनं पुढं स्वतःची होडी बांधली आणि पहिल्या फेरीला वहिनीला पुढं, नाळेवर बसवून नेलं. असं म्हणतात, त्या घरच्या अंगणात तेव्हापासून मासळी वाळवायला जागा पुरत नाही, आणि घरातल्या कुणाच्या टाचेला साधी चीरही नाही.