म्हाळूने रंगवलेलं विमान

एका गावात एक भोळा रंगारी होता. म्हाळू त्याचं नाव. बेंदराला बैलांची शिंगं रंगवावीत ती म्हाळूनेच. सांगाल तसं करायचा, आणि तीच तर पंचाईत होती.

गावच्या चौकात एक जुनं लढाऊ विमान आणून बसवलं होतं. गावातले निकम आबा लढाईत त्याच विमानाचे मेकॅनिक होते. आता नजर अधू होत चालली होती. ती जाण्याआधी विमान लढाईतल्या रंगात बघायचं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. उद्घाटनाला हवाई दलाचे साहेब येऊन आबांचा सत्कारही करणार होते.

सरपंचांनी म्हाळूला लढाईतला फोटो दिला. "हुबेहूब असंच पायजे."

म्हाळूने हुबेहूब केलं. विमान काळं-पांढरं, कडेने पांढरी चौकट. फोटोवर चहाचा डाग पडला होता, तोही शेपटीवर काढला.

"आरं येड्या," सरपंच ओरडले, "लढाईत जो व्हता त्याला इचार की!"

"बरं," म्हाळू म्हणाला आणि आबांकडे गेला. "आबा, लढाईत इमान कसं दिसायचं वो?"

"दिसतंय कुठलं! वरनं बघणाऱ्याला निस्तं रान दिसायचं."

म्हाळूने पंखांवर रान काढलं. ज्वारी, विहीर, बांधावर भाकरी खाणारा गडी.

आबांनी कपाळावर हात मारला. "आरं लेका, वर हिरवं-मातकट पट्टं, पोटाला आभाळी रंग. शत्रूला दिसू नये म्हणून. लढाईत जे जे व्हतं त्याला ह्योच रंग!"

"बरं."

या खेपेला विमान असं झकास जमलं, की आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. समारंभाच्या दिवशी ते सकाळपासूनच नवी टोपी घालून, पंखाखाली खुर्ची टाकून बसले. दुपारी त्यांना गाढ झोप लागली.

म्हाळूच्या डब्यात रंग उरला होता. त्याने आबांकडे पाहिलं. लढाईत तर आबाही होते! झोपमोड नको म्हणून त्याने मऊ ब्रश घेतला. टोपीपासून वहाणांपर्यंत हिरवे-मातकट पट्टे ओढले, खुर्चीही सोडली नाही. पोटाला मात्र आठवणीने आभाळी रंग दिला.

साहेब आले. हार आला, शाल आली, पण आबा कुठेच दिसेनात. सरपंच गावभर हाका मारत सुटले. साहेब उन्हाला कंटाळून पंखाच्या सावलीत शिरले आणि विमानाचाच काही भाग असेल असं समजून टेकले, ते थेट आबांच्या मांडीवर.

विमान बोंबललं. साहेब ताडकन उठले, ओरडा ऐकून सरपंचही धावत आले.

म्हाळूची छाती फुगली. "बघा सरपंच! आपल्या सायबालाच दिसलं न्हाईत, मग शत्रूला काय डोंबल दिसणार!"