फडक्यावर राहील ते फेक

एका गावात एक भोळा बुधाजी होता. तो त्या गावाला झेपेना, म्हणून त्याला खाडीकाठी शेवंतामावशीकडे पाठवलं.

मावशीची कोळंबीची हॅचरी होती. माद्या अंडी घालायच्या, मावशी केसासारखी बारीक पिल्लं वाढवायची आणि कोळंबी पोसणाऱ्या तळीवाल्यांना द्यायची. मागचा हंगाम वाया गेला होता. हाही गेला तर हॅचरीला कुलूप लागणार होतं. मावशीला झोप नव्हती. बुधाजीला होती.

पहिल्या दिवशी मावशी म्हणाली, “पिल्लांच्या या एका टाकीत खाडीचं पाणी भर.” बुधाजीने भरलं. पाण्याबरोबर मासे आले. संध्याकाळी मासे गुबगुबीत होते आणि पिल्लं नव्हती.

“अरे मेल्या, फडक्यातून गाळायचं. फडक्यावर राहील ते फेक, खाली उतरेल ते ठेव. समजलं?”

“समजलं.”

मग होडीतून माद्या आल्या. बुधाजी टाकीत बॅटरी मारून त्यांची विचारपूस करू लागला. माद्या भिंतीवर आपटू लागल्या.

“बावरल्यात त्या. वर काळं कापड टाकायचं आणि गप्प बसायचं. म्हणजे शांत होतात. समजलं?”

“समजलं.”

दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, “हिरव्या पाण्यावर लक्ष ठेव. त्यातलं शेवाळ म्हणजे पिल्लांचं खाणं.” बुधाजीने त्यावर काळं कापड टाकलं आणि शेजारी गप्प बसला. पोस्टमन आला, तर त्यालाही गप्प बसवलं. शेवाळ मेलं.

“शेवाळाला ऊन लागतं रे. कापड काढायचं आणि काठीने ढवळत राहायचं. समजलं?”

“समजलं.”

बुधाजी उठला, माद्यांवरचं कापड काढलं आणि त्यांना काठीने ढवळलं. निम्म्या माद्या उडून बाहेर पडल्या. उरलेल्यांनी अंडी घालायचा विचार सोडला.

मावशी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “आता पिल्लांची ही एकच टाकी उरली. तू डोकं चालवू नको. पहिल्या दिवशी सांगितलं तेवढंच कर.”

“समजलं.”

ती टाकी मावशीने स्वतः सांभाळली. पिल्लं वाढली. तळीवाल्याचा टेंपो निघाल्याचा फोन आला. पिल्लं न्यायच्या पिशव्यांत भरायला ऑक्सिजन नव्हता, तो आणायला मावशी बाजारात धावली. जाताना म्हणाली, “तेवढ्यात टाकी गाळून ठेव.”

ती परत आली तेव्हा टेंपो दारात होता. पिशव्या ओळीने भरून ठेवल्या होत्या. आत नितळ पाणी होतं.

“पिल्लं कुठायत?”

“फडक्यावर राहिली ती खाडीत फेकली,” बुधाजी म्हणाला. “पाणी बघ, मावशे. एक किडा ठेवला नाय.”

मावशी मटकन खाली बसली. तिचे डोळे भिरभिरले. ती भिंतीवर डोकं आपटू लागली.

बुधाजीने लगेच ओळखलं. त्याने काळं कापड आणलं, मावशीवर टाकलं आणि शेजारी गप्प बसला.