दवंडीत न आलेला झरा

नदीकाठच्या एका पेठेत एक वकील होता. घरे, दुकाने, वखारी यांच्या खरेदी-विक्रीची कामे तो करी. त्यातही बुडालेल्या माणसाची मिळकत विकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कुणाचा धंदा बसला की दारात आधी सावकार येई आणि त्याच्या मागोमाग हा. लोक म्हणत, "धंद्याच्या पिंडाला कावळा शिवायच्या आधी वकील शिवतो." वकिलाला त्याचे काही वाटत नसे. काम ते काम.

त्याच पेठेत एक रंगारी होता. त्याने रंगवलेले लाल लुगडे फाटे, पण फिके पडत नसे. ही करामत पाण्याची होती. रंगखान्यासमोरचा रस्ता ओलांडला की करंजाच्या झाडीत एक झरा होता. तो रंगाऱ्याच्या मालकीचा. पण रंगारी आपल्या पाण्याचा पत्ता दुसऱ्या रंगाऱ्याला सांगत नाही. याच्या आजानेही कधी सांगितला नव्हता. त्यामुळे बाहेरगावच्या कुणाला झरा ठाऊक नव्हता.

एका वर्षी रंगाऱ्याने कर्ज काढून नीळ मागवली. नीळ घेऊन येणारी नाव बुडाली. कर्ज मात्र तरले. कचेरीने हुकूम काढला: रंगखान्याचा लिलाव करा, सावकाराचे देणे फेडा, उरेल ते रंगाऱ्याला द्या. लिलाव करण्याचे काम वकिलाकडे आले.

वकील मिळकत पाहायला गेला. रंगाऱ्याने त्याला सगळे दाखवले आणि शेवटी झऱ्यावर नेले.

"वकीलसाहेब, माझ्या भिंती बघून कोणी यायचं नाही. पण झऱ्याचं दवंडीत आलं की पंचक्रोशीतले रंगारी पळत येतील. देणं फिटून एक खोली आणि दोन हंडे घेण्यापुरतं उरलं, तरी मी पुन्हा उभा राहीन."

"दवंडीचं मी बघतो," वकील म्हणाला.

"नीट बघा," रंगाऱ्याची बायको म्हणाली. "आमचं आता तेवढंच राहिलंय."

वकील घरी आला, तर ओसरीवर पेठेतला सर्वांत मोठा शेट बसलेला.

"रंगखाना मला हवाय," शेट म्हणाला. "झऱ्यासकट."

"लिलावात या. बोली लावा."

"येणारच. पण दवंडीत झरा आला तर माझ्याबरोबर वीस रंगारी येतील."

"मी खोटं लिहीत नाही, शेटजी."

"कोण म्हणतं खोटं लिहा? थोडं कमी लिहा." शेटने पानाला चुना लावला. "माझं वय झालं. मुलगा गेला, मागे नात तेवढी आहे, तीही लहान. माझ्यानंतर तिची मिळकत कुणीतरी सांभाळायला हवी. बारा वखारी, दोन बागा, हा वाढता पसारा. हुशार वकिलाच्या शोधात आहे मी."

असा कारभार हाती आला की वकिलाला जन्मभर दुसऱ्याच्या दारात जावे लागले नसते. शेट गेल्यावर तो विचार करत बसला. विचार फार लांबला नाही.

त्याने दवंडी लिहून दिली: रंगखाना, भट्टी, अंगण आणि त्यासोबतचे सर्व काही. त्यात खोटे अक्षर एकही नव्हते. दवंडीवाल्याने ढोलके बडवत ती गावोगाव ओरडून सांगितली.

रंगारी धावत आला. "साहेब, झरा राहिला!"

"'सर्व काही' म्हटलंय ना? त्यात झरा आला."

"मला कळतंय हो. ऐकणाऱ्याला कसं कळणार? लिलाव उद्यावर आला, आता मी गावोगाव कधी सांगत फिरू?"

"कायद्याला कळतं," वकील म्हणाला.

लिलावाला तीन माणसे आली. शेट, एक धान्याचा व्यापारी आणि एक भंगारवाला. रंगारी उभा राहून ओरडला, "भाऊ, झराही आहे, गोड्या पाण्याचा!"

भंगारवाला हसला. "मी झऱ्याचं काय करू? मला वर्षातून एकदाच आंघोळ लागते."

बोली सावकाराच्या देण्यापर्यंत जेमतेम पोचली आणि थांबली. रंगखाना शेटला मिळाला. रंगाऱ्याला काही उरले नाही.

निघताना त्याची बायको वकिलाला म्हणाली, "ही दवंडी दिलीत की कुजबुज केलीत?"

वकिलाने कागद गोळा केले. नवरा-बायको दुसऱ्या गावी गेली आणि परक्याच्या भट्टीवर मजुरीला लागली.

शेटने झऱ्याकाठी मोठा कारखाना उभा केला. वकिलाचे नाव झाले. स्वस्तात मिळकत हवी असलेला प्रत्येक जण त्याच्याकडे येऊ लागला. वर्षे गेली. वकील शेटच्या निरोपाची वाट पाहत राहिला.

एक दिवस निरोप आला. शेट अंथरुणाला खिळला होता. वकील नवे उपरणे अंगावर घेऊन गेला. शेटच्या उशाशी पेठेतला दुसरा वकील बसला होता. मंद चालीचा, साध्या अंगरख्याचा. पक्षकार त्याच्याकडे फारसे फिरकत नसत.

शेटने एक कागद पुढे केला. "नातीच्या मिळकतीचा कारभार यांच्याकडे दिलाय. साक्षीदार म्हणून तुमची सही हवी."

वकिलाने कागद हातात घेतला नाही. "यांच्याकडे? शेटजी, यांना उभ्या जन्मात एक मिळकत स्वस्तात मिळवून देता आली नाही! बुडालेल्याची बाजू घेऊन भाव चढवत बसतात."

"ठाऊक आहे. त्यांच्यामुळे मी दोन वखारी गमावल्या."

"आणि मी तुम्हाला झरा मिळवून दिला!"

"दिलात ना," शेट म्हणाला. "तुम्ही कसं काम करता, ते या पेठेत माझ्याइतकं कोणी जवळून पाहिलेलं नाही. मी गेल्यावर माझी नात एकटी असेल. तेव्हा कुणीतरी तुमच्या ओसरीवर येऊन बसेल आणि म्हणेल, थोडं कमी लिहा."

दुसऱ्या वकिलाने दौत पुढे सरकवली.

वकिलाने सही केली.

तात्पर्य: लबाडीचा लाभ घेणारा लबाडाला काम देतो, भरवसा देत नाही.