शास्त्रीबुवांचे गुडघे

एकदा एका नदीकाठच्या गावात एक शास्त्रीबुवा राहत होते, आणि त्यांच्या गुडघ्यांना काहीही झालेले नव्हते. हे आरंभीच सांगून ठेवायला हवे, कारण त्या वर्षी साऱ्या गावाचा समज नेमका उलटा होता.

अच्युतशास्त्री त्यांचे नाव. वय बहात्तर. रोज सायंकाळी देवळाच्या सभामंडपात त्यांचे प्रवचन होई. प्रवचन संपले की ते खांबाला टेकून तासभर बसत आणि लोक एकेक करून जवळ येत. कुणाचे भावाशी वाकडे आलेले असे, कुणाला घर सोडून निघून जावेसे वाटत असे. शास्त्रीबुवा ऐकून घेत, दोन प्रश्न विचारत, आणि माणूस हलका होऊन घरी जाई. नरहरी नावाचा त्यांचा शिष्य सव्वीस वर्षांचा होता. बारा वर्षे तो त्यांच्यापाशी शिकत होता. गुरुजींना सुटणार नाही असा प्रश्नच जगात नाही, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र संशय नव्हता.

त्या वर्षी माघात शास्त्रीबुवांच्या पत्नी, उमाकाकू, गेल्या. चौदाव्या दिवशी शास्त्रीबुवा नेहमीप्रमाणे प्रवचनाला बसले. लोक म्हणाले, ज्ञानी माणूस असा असतो. नरहरीला मात्र घरातले दिसत होते. शास्त्रीबुवा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जात आणि तिथूनच परत फिरत. दोन घास खाऊन ताट सारत. जन्मभर म्हटलेला श्लोक अर्ध्यावर थांबे आणि पुढचे चरण नरहरीला सुचवावे लागे. एकदा ते अंघोळीला गेले ते पाऊण तास बाहेर आले नाहीत. नरहरीने दार वाजवले तेव्हा आतून शांतपणे उत्तर आले, "आलो. पाणी अंगावर घ्यायचं राहिलं."

असे चार महिने गेले. मग ज्येष्ठातल्या एका गुरुवारी सकाळी शास्त्रीबुवांनी धुतलेले उपरणे घेतले, पिशवी काखेला लावली आणि म्हणाले, "मी तालुक्याला जाऊन येतो. रणदिवे म्हणून एक बाई आहेत, समुपदेशक. मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार करतात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाव दिलं. आता दर गुरुवारी जायचं आहे. त्या दिवशी प्रवचनाऐवजी तू पोथी वाच."

नरहरीला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "गुरुजी, तुम्हाला त्या बाई काय सांगणार?"

"तेच बघायला चाललोय," शास्त्रीबुवा म्हणाले आणि पायात वहाणा घालून निघाले.

नरहरी त्यांना एसटीत बसवायला गेला. गाडी सुटली आणि मागून हाक आली. गुलाबशेठ होते. गावात त्यांचा तेलघाणा होता आणि सगळ्या गावाची खबरबात त्यांना आपलेपणाने ठेवायची सवय होती. "शास्त्रीबुवा कुठं निघाले एवढ्या सकाळी?"

नरहरीच्या डोळ्यांपुढे सारा सभामंडप उभा राहिला. लोक उद्या म्हणतील, शास्त्रीबुवांच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणतील, आम्हाला सांगायचे आणि स्वतःच असे. त्याच्या तोंडून निघून गेले, "गुडघे. गुडघे दुखतात त्यांचे. उपचार चाललेत."

"अरे अरे," गुलाबशेठ कळवळून म्हणाले. "आधी सांगायचं नाही का?"

दुसऱ्या दिवशी तिळाच्या तेलाचा डबा आला. तिसऱ्या दिवशी निर्गुडीचे तेल आले. पुढच्या आठवड्यात गंगाबाईंनी मोहाचे तेल बाटलीत भरून दिले, कुणी शेकायला रुईची पाने आणली, आणि निवृत्त कंपाउंडर तात्या पितळे यांनी गुडघ्यावर चढवायचे दोन पट्टे आणून दिले. सभामंडपात आसनाच्या जागी हातांची लाकडी खुर्ची आली, तिच्यावर मऊ उशी. शास्त्रीबुवांना वाटले, आपले वय पाहून लोकांनी सोय केली. ते कौतुकाने खुर्चीवर बसू लागले. बाटल्या नरहरी फडताळात मागे मागे सारत होता.

इकडे गुरुवार आपले काम करीत होते. कधी शास्त्रीबुवा परतत तेव्हा त्यांचे डोळे लाल असत आणि ते लवकर झोपत. कधी गाडीतून उतरताना गुणगुणत येत. एका गुरुवारी ते घरी आले, थेट स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी चहा केला. त्यात साखर दुप्पट पडली होती. दोघांनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत घेतला. नरहरीला त्या दिवशी फार बरे वाटले.

बरे वाटायला त्याच्यापाशी तसे फारसे काही नव्हते. गुरुवारी पोथी घेऊन लोकांसमोर बसायचे म्हटले की बुधवारपासूनच त्याचे हात गार पडत. वाचताना छाती एवढी धडधडे की अक्षरे हलताना दिसत. आपण इथेच कोसळणार आणि सगळे बघणार, असे वाटे. हे नवीन नव्हते, दोन वर्षे चालले होते. कुणी घाम पाहून विचारलेच तर तो पित्त झाले म्हणून सांगे.

श्रावणात एके दिवशी गुलाबशेठ रस्त्यातच शास्त्रीबुवांना भेटले. बरोबर नरहरी होता.

"मग, गुडघा काय म्हणतोय?"

"कुणाचा?" शास्त्रीबुवांनी विचारले.

"तुमचा. म्हणजे दोन्ही."

शास्त्रीबुवांनी एकदा नरहरीकडे पाहिले. नरहरी जमिनीकडे पाहत होता. "तक्रार नाही," ते म्हणाले.

घरी आल्यावर ते रागावतील, अशी नरहरीची अपेक्षा होती. पण शास्त्रीबुवांनी फडताळ उघडले, बाटल्या पुढे काढल्या, त्यातली एक निवडली आणि ओटीवर पाय पसरून बसले. "ये, लाव."

नरहरीने गुडघ्यांना तेल लावले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी पुन्हा बोलावणे आले. तिसऱ्या दिवशीही. आठ दिवस हा क्रम चालला. शास्त्रीबुवा अगदी गंभीरपणे सूचना देत, "उजव्याला जरा जास्त चोळ. आज मोहाचं घेऊ, गंगाबाईंनी प्रेमानं दिलंय." नरहरी मान खाली घालून चोळत राही, आणि दर दिवशी त्याला त्या तेलाची अधिकच लाज वाटू लागली.

नवव्या दिवशी त्याने बाटली खाली ठेवली. "गुरुजी, तुमचे गुडघे दुखत नाहीत."

"नाही."

"मग हे तेल कशासाठी?"

शास्त्रीबुवांनी पाय जवळ घेतले. "नरहरी, तेल चांगलं आहे. तुझा हात चांगला आहे. देणाऱ्यांची माया तर फारच चांगली. फक्त दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे चाललंय. तू गुडघा सांगितलास, म्हणून गावाची सगळी माया गुडघ्यावर येऊन थांबली. उमा गेल्यानंतर कुणी दोन घटका शेजारी बसून तिच्याविषयी विचारलं असतं, तर मला ते हवं होतं. लोक विचारते झाले असते. पण त्यांना वाटलं, म्हातारा मनानं खंबीर आहे, पाय तेवढे थकलेत. ज्या दुखण्याचं नावच बदललं, त्याच्यापर्यंत कुणी पोचायचं कसं?"

"तुमचा मान जाईल अशी भीती वाटली मला."

"माझा की तुझा?"

शास्त्रीबुवांनी पंच्याने गुडघे पुसले आणि देवळात जायला उठले.

त्या सायंकाळी त्यांनी खुर्ची बाजूला सारली आणि पूर्वीसारखी खाली मांडी घातली. मंडपात कुजबुज झाली. ते म्हणाले, "माझे गुडघे धडधाकट आहेत. तसा समज झाला, तो मी आज दूर करतो. उमा गेल्यावर माझं मन आजारी पडलं. तुम्हाला जे सांगतो ते सगळं मला पाठ होतं, पण ते माझ्या हाताला लागेना. म्हणून मी दर गुरुवारी तालुक्याला एका समुपदेशक बाईंकडे जातो. त्या विचारतात, मी बोलतो, कधी रडतो. आता दोन वेळा जेवतो, आणि रात्री झोप लागते. कुणाला पत्ता हवा असेल तर मी नेहमीच्या खांबापाशी आहे."

नरहरीने डोळे मिटून घेतले. ज्या क्षणाला तो तीन महिने भीत होता, तो हाच.

मागून गंगाबाईंचा आवाज आला. "मग माझं तेल राहिलं असेल तर परत द्या. माझी कंबर खरंच दुखते."

आधी शास्त्रीबुवा हसले, मग सारा मंडप हसला. आणि नवल असे की त्यांचा मान जिथे होता तिथेच राहिला. जाताना दोघीतिघी वृद्ध बायका उमाकाकूंची आठवण काढून त्यांच्याजवळ बसल्या. पत्ता मात्र कुणी मागितला नाही.

तो मागितला गेला तिसऱ्या दिवशी दुपारी, मागच्या दाराने. गुलाबशेठ होते. आत येऊन बसले आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. नरहरी उठून जाऊ लागला तर म्हणाले, "बस रे. तुझ्यापासून काय लपवायचं."

त्यांची मुलगी पुष्पा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला कावीळ झाली आहे, म्हणून ती कुणापुढे येत नाही, हे गावाला ठाऊक होते.

"कावीळ नाही," गुलाबशेठ म्हणाले. "बाळ चार महिन्यांचं झालं. ती त्याला जवळ घेत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते. कावीळ म्हटलं की लोक पुढं विचारत नाहीत, म्हणून तसं सांगत आलो. काल मला म्हणाली, बाबा, मी नसले तर बाळाचं बरं होईल." एवढे बोलून त्या मोठ्या देहाच्या, सदा हसऱ्या माणसाने तोंड फिरवले.

शास्त्रीबुवा लगेच उठले. गुरुवारची वाट पाहिली नाही. रणदिवेबाईंना फोन केला आणि गुलाबशेठच्या गाडीतून पुष्पाला, तिच्या आईला आणि बाळाला घेऊन ते त्याच दुपारी तालुक्याला गेले. बाईंनी पुष्पाशी एकटीशी तासभर बोलून घेतले. मग म्हणाल्या, हे बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होते, यात तिचा दोष काही नाही, आणि हे बरे होते. तिला एकटी ठेवू नका. नुसत्या बोलण्याने भागणार नाही, औषधही लागेल. त्यांनी स्वतः बरोबर जाऊन मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवले.

पुष्पा काही आठवड्यांत नाचू लागली असे नाही. चार दिवस बरे जात, मग दोन वाईट. पण नवरात्राच्या सुमारास ती बाळाला मांडीवर घेऊन अंगणात बसलेली दिसू लागली, आणि दिवाळीत तिने शेजारणीला स्वतःच्या तोंडाने सांगितले की मला कावीळ नव्हती.

ती पहिल्यांदा अंगणात दिसली त्या दिवशी नरहरी घरी येऊन गुरूंसमोर बसला. "गुरुजी, ज्येष्ठात एसटीपाशी गुलाबशेठनी मला विचारलं होतं, तुम्ही कुठं गेलात म्हणून. मी तेव्हाच खरं बोललो असतो, तर त्यांनी पत्ता तेव्हाच मागितला असता. ती पोर तीन महिने भिंतीकडे बघत पडली."

"कदाचित," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांनी ते नाकारले नाही आणि त्याला दोषही दिला नाही. "तेव्हा तुला ठाऊक नव्हतं. आता आहे."

मग हात गार पडण्यापासून अक्षरे हलण्यापर्यंत सगळे नरहरीने सांगून टाकले. शास्त्रीबुवांनी ऐकले. दोन प्रश्न मात्र विचारले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुवारी माझ्याबरोबर चल."

गाडीत नरहरीच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. अखेर त्याने विचारले, "गुरुजी, बारा वर्षं मी तुमच्यापाशी आहे. माझ्या मनातलं परक्या बाईंना सांगायचं, हा तुमचा अवमान नाही का?"

"तू कुणासमोर चुकायला सर्वांत जास्त भितोस?" शास्त्रीबुवांनी विचारले.

नरहरी खिडकीबाहेर पाहत राहिला. उसाची शेते मागे जात होती. मग अगदी हळू म्हणाला, "तुमच्यासमोर."

"मग बघ. तुझ्या भीतीत मीच बसलोय, तर ती मला कशी उपटता येईल? तिथं मी नसलेलाच बरा. तू बोल. माझ्याविषयी काही वाईट बोलावंसं वाटलं तर तेही बोल. त्या बाई पोटात ठेवतात, मला अनुभव आहे. मी तुझ्याविषयी पुष्कळ बोललोय."

नरहरीला हसू आले. बऱ्याच दिवसांनी त्याला गाडीत बसल्याबसल्या हसू आले.

बाईंच्या समुपदेशन केंद्रात गर्दी नव्हती. बाकावर एक मध्यमवयीन शिक्षिका तेवढ्या बसल्या होत्या. रणदिवेबाईंनी दार उघडून नरहरीचे नाव घेतले. तो उठला. दारात पोचला तेव्हा त्याला मागून बोलणे ऐकू आले.

"मुलगा का तुमचा?" शिक्षिकाबाई विचारत होत्या. "आणि तुम्ही सोबतीला आलात?"

"शिष्य आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "त्याचं झालं की माझा नंबर."

दार मिटले. समोर दोन खुर्च्या होत्या आणि खिडकीतून ऊन आत आले होते. नरहरीची छाती धडधडत होतीच. तो एका खुर्चीवर बसला आणि बोलू लागला.