उकिरड्यावरचे कुळीथ

पूर्वी वाराणसीत राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या एका गावी बैलाच्या जन्मास आले. पुण्णक नावाच्या गृहपतीच्या गोठ्यात ते बांधलेले असत.

पुण्णकाचे कोठार भरलेले होते. बैलांपुढे मात्र नुसता कडबा पडे. नांगरणी लागली आणि बोधिसत्त्वांचा जोडीदार नांगराच्या तासात गुडघे टेकू लागला. तेव्हा उत्तिय नावाचा गडी रोज कोठारातून थोडे कुळीथ कमरेला बांधून आणू लागला. भिजवायला सवड नसे. कोरडेच चारी आणि सारखा दाराकडे पाही.

"खा रे दादा, लवकर खा. कोणी येईल."

बोधिसत्त्वांना तो घास गोड लागेना. चोरी ती चोरीच. पण तोंड फिरवावे तर जोडीदार खाली बसतो. खावे तर गडी बुडतो. ते उभ्या जागी पाय बदलत राहत.

एके सकाळी उत्तियाच्या कमरेची गाठ सुटली. कुळीथ अंगणभर सांडले. पुण्णकाने त्याची मानगूट धरली.

"कुठं नेत होतास?"

"बैलांना, मालक."

"बैलांना!" मालकीण हसली. "आणि तुझी पोरं घुगऱ्या खातात, त्या बैलांनी धाडल्या वाटतं?"

चोराची बोटे तोडण्याची त्या गावी रीत होती. पुण्णकाने गावच्या मुख्याला बोलावले. मुख्य आला. उत्तियाने हात काखेत लपवले.

बोधिसत्त्वांनी दावे तोडले. पुण्णक बैल हाकायची पराणी घेऊन आडवा आला. पराणीचे टोक दोनदा खांद्यात रुतले. एका हिसक्यासरशी शिंग मालकाच्या पोटात गेले असते. बोधिसत्त्वांनी मान खाली घातली. रक्त गाळीत ते गोठ्यामागच्या उकिरड्यावर जाऊन उभे राहिले. मारले तरी हलेनात.

मुख्य मागोमाग गेला. शेणातून कुळथाची हिरवी रोपे वर आली होती.

"कोरडा दाणा पचत नाही, तो असा उगवतो," मुख्य म्हणाला. "पुण्णका, तुझं धान्य तुझ्याच बैलांनी खाल्लं. गड्यानं विचारलं नाही, हा त्याचा दोष. पण राबणाऱ्याचा घास आधी कोणी चोरला?"

पुण्णकाच्या हातातली पराणी गळाली. दुसऱ्या दिवसापासून बैलांचे कुळीथ तो स्वतः भिजत घालू लागला. चारायला उत्तियच असे. आता तो दाराकडे पाहत नसे.

ही कथा सांगून शास्ते भगवान धर्मसभेत म्हणाले, "तेव्हाचा पुण्णक म्हणजे गड्याला चोर ठरवून घरी कोंडून आज येथे धर्म ऐकायला बसलेला हा गृहस्थ. उत्तिय म्हणजे तो कोंडलेला गडी. बैल मी होतो. शिंगे असून न मारणे, ही क्षांती."

गृहस्थ पुढचे ऐकायला थांबला नाही. कोठडीची कडी काढायला तो घराकडे धावत सुटला.